सही न करणाऱ्या सरोजाअक्का

श्रीमती सरोजाबाई मोरे यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. बेंगळुरूच्या शिवाजीनगरापासून होसकोट्यापर्यंत सगळे त्यांना सरोजाअक्का म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार. गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘दोन गोड शब्द’ मागितले आहेत. अक्कांविषयी गोड लिहिणं म्हणजे कारल्याची खीर करणं. मी आपलं घडलं तेवढं सांगतो.

आमची पहिली भेट मराठी समाजाच्या सभागृहात झाली. मी नुकताच चिटणीस झालो होतो आणि एकाहत्तरच्या युद्धात गेलेल्या आमच्या बेंगळुरूच्या मराठी जवानांसाठी कार्यक्रम ठेवला होता. हौसेनं एक मोठा फलक रंगवून घेतला होता. वर ‘अमर हुतात्मे’, खाली नावं. मी खुर्च्या मांडत असताना सुती साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई आत आल्या. त्यांनी फलक शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “अण्णा, खालची दोन नावं पुसा.”

“का बरं?”

“गणपतराव आणि लक्ष्मण बेपत्ता आहेत. मेलेले कुणी बघितले? तुम्ही बघितलात काय?”

“अहो, इतकी वर्षं झाली...”

“वर्षं झाली हा काय पुरावा आहे होय? तो आपल्याला शोधायचा आलेला कंटाळा!”

मला सणसणीत राग आला. पाहुणे येण्याची वेळ झाली होती. शेवटी त्या दोन नावांवर कागद चिकटवून कार्यक्रम उरकला आणि घरी येऊन बायकोजवळ या बाईंच्या नावानं भरपूर बोटं मोडली.

पुढे कळलं, की अक्कांनी उभी नोकरी छावणीजवळच्या एका रुग्णालयात एक्स-रे काढण्यात घालवली होती. युद्धाच्या वेळी त्या नुकत्याच तिथे लागल्या होत्या. जखमी जवान यायचे. यंत्राखाली झोपल्या झोपल्या ते स्वतःच्या जखमेबद्दल कमी आणि सोबत्याबद्दल जास्त विचारायचे. माझ्या शेजारी होता, तो कुठे आहे, त्याला आणलं का? विशी ओलांडलेली ही मुलगी त्या सोबत्याचं नाव विचारून घ्यायची. तिनं नावं वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. ती वही संपली, दुसरी आली, आणि निवृत्तीनंतर तर अक्कांना दुसरं कामच उरलं नाही.

त्यांची पद्धत न्यारी आहे. घरचे लोक बेपत्ता माणसाचं शौर्य सांगू लागतात, आणि अक्का हात वर करून थांबवतात. “शौर्य राहू दे. हाड कुठलं मोडलं होतं, ते सांगा.” कधी झाडावरून पडला होता का, दाढ काढली होती का, चप्पल एका बाजूनं झिजायची का, उंबऱ्याला डोकं लागायचं का? एकदा मारतहळ्ळीहून संगणक कंपनीतली एक मुलगी आजोबांच्या धाकट्या भावाचा वर्दीतला फोटो घेऊन आली. म्हणाली, “मॅम, हा हाय रेझोल्यूशनमध्ये स्कॅन केलाय, चेहरा एकदम क्लिअर आहे.” अक्का म्हणाल्या, “चेहरा देखणा आहे, बाळ. पण मातीत चेहरा राहत नाही. बुटाचं माप विचारून ये.” मुलीचे डोळे भरून आले. अक्कांनी तिला जवळ बसवून घेतलं, उप्पिट्टू खायला घातलं आणि मग कुणाला काय विचारायचं याची यादी तिच्याकडून पाठ करून घेतली. आठवड्यानं ती परत आली, ती यादीतलं सगळं विचारूनच.

आता मुख्य गोष्ट. ती लिहिताना माझी मान खाली जाते, पण टाळली तर हा लेख खोटा ठरेल.

काही वर्षांपूर्वी सीमेजवळच्या एका गावात कालवा खणताना एका जवानाचे अवशेष सापडले. सोबत चांदीचं एक कडं होतं, आणि कड्यावर गणपतरावांचं नाव. गणपतरावांना भावंडं नव्हती, मूल नव्हतं, आईवडील केव्हाच गेले होते. तेव्हा रक्ताची चाचणी जुळवायला कुणी नव्हतं. होत्या त्या फक्त त्यांच्या पत्नी, तुळसाबाई. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, आणि ही बाई पन्नास वर्षं कपाळावर कुंकू लावून राहिली. कडं पाहताच त्या म्हणाल्या, “ह्यांचंच आहे.” प्रश्न मिटला. ओळख पटल्याच्या कागदावर तीन सह्या हव्या होत्या. तुळसाबाईंनी केली. समाजाचा चिटणीस म्हणून मी केली. तिसरी सही अक्कांची, कारण गणपतरावांची सगळी माहिती त्यांच्याच वहीतून गेली होती.

अक्कांनी सही केली नाही.

अवशेषांच्या अहवालात डाव्या हाताचं हाड लहानपणी मोडून जुळल्याचं लिहिलं होतं. अक्कांच्या वहीत गणपतरावांच्या पानावर ‘काही मोडलेलं नाही’ अशी नोंद होती. लक्ष्मणच्या पानावर मात्र होतं: ‘डावा हात, बैलगाडीवरून पडून.’ इकडे पत्रिका छापून झाल्या होत्या, मंत्री येणार होते, बँड ठरला होता. आम्ही सगळे अक्कांवर तुटून पडलो. वही चुकली असेल. फौजेत हात मोडला असेल. मी तर भर बैठकीत ओरडलो, “एका म्हाताऱ्या बाईला नवऱ्याचा विधी तरी करू द्या!”

“कुणाच्या नवऱ्याचा?” अक्कांनी शांतपणे विचारलं.

एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी फोनवर समजावलं, की प्रकरण लांबवून कुणाचाच फायदा नाही. अक्का म्हणाल्या, “सरी, साहेब, तुमचं बरोबर. पण मी हाडं वाचण्यात जन्म घालवलाय. कडं हातातून निघतं, हाड निघत नाही.” त्यानंतर दोन महिने आमच्या लोकांनी त्यांना हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. माझ्या घरीसुद्धा नाही, हेही लिहून ठेवतो.

अक्का तुळसाबाईंकडे एकट्याच गेल्या. तिथलं बोलणं मला पुढे खुद्द तुळसाबाईंनीच सांगितलं. अक्कांनी कड्याचं नाव काढलं नाही. गणपतराव आणि लक्ष्मण घरातून निघाले तो दिवस कसा होता, एवढंच विचारलं. आमच्या गल्लीत जुनी रीत होती. जिवाभावाचे दोन मित्र दूर निघाले, की देवीपुढे हातातली कडी बदलायचे. तुझं माझ्याकडे, माझं तुझ्याकडे, परत आलो की ज्याचं त्याला. गणपतराव आणि लक्ष्मण एकाच तुकडीत होते. त्यांनी बदलली होती. तुळसाबाई तेव्हा तिथे ओटी घेऊन उभ्या होत्या.

“मला ठाऊक होतं की, अक्का,” त्या म्हणाल्या. “कडं ह्यांचं, पण हात लक्ष्मणभावजींचा असणार. पण थकले हो मी. कुंकू लावते म्हणून लोक पाठीमागं हसतात. एकदा अग्नी दिला असता तर सुटले असते.”

“तू सुटशील ग, तुळसा. पण रेणुकाचा भाऊ तुझ्या नवऱ्याच्या नावानं जळेल.”

रेणुकाबाई म्हणजे लक्ष्मणची धाकटी बहीण. होसकोट्यात राहतात, माहेरचं दुसरं कुणी नाही. त्यांना आम्ही कुणी काही विचारलंच नव्हतं. तुळसाबाईंनी स्वतःच्या हातानं आपली सही मागे घेतली. आम्ही बँड रद्द केला. अक्का शिवाजीनगरहून बसनं होसकोट्याला गेल्या, रेणुकाबाईंना घेऊन आल्या, रक्ताचा नमुना द्यायला लावला, आणि पुढचे कित्येक महिने दर सोमवारी लष्कराच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसल्या. एका कारकुनानं वैतागून विचारलं, “अम्मा, तुम्ही त्यांच्या कोण?” त्या म्हणाल्या, “कोणी नाही. म्हणून तर मला कंटाळा येत नाही.”

चाचणी जुळली. तो लक्ष्मणच होता.

होसकोट्यात तिरंग्यात लपेटलेली पेटी आली तेव्हा मंत्री नव्हते. लष्कराची तुकडी होती, गाव होतं, आणि पहिल्या रांगेत कुंकू लावलेल्या तुळसाबाई होत्या. सलामीनंतर गणपतरावांचं कडं त्यांच्या हाती देण्यात आलं. तेव्हा रेणुकाबाईंनी भाबडेपणानं विचारलं, “वहिनी, मग माझ्या लक्ष्मणअण्णाचं कडं कुठे आहे?”

तुळसाबाई म्हणाल्या, “ह्यांच्या हातात आहे. सापडले की तुझं तुला आणून देईन.”

त्या दिवसापासून त्यांच्या कुंकवाला हसायची कुणाची छाती झाली नाही. मी तिथेच, सगळ्यांदेखत, अक्कांच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, “उठा अण्णा, गुडघा जपा. तुमच्या गुडघ्याचा फोटो बघितलाय मी.”

मध्यंतरी गणपतरावांबद्दल एक सरकारी पत्र आलं. आता शोध घेण्याजोगी माहिती उरलेली नाही, तरी कुटुंबाची हरकत नसल्यास प्रकरण बंद करावं, असा मजकूर होता. अक्कांनी एका ओळीचं उत्तर लिहिलं: ‘हरकत आहे.’ त्याखाली तुळसाबाईंची सही आहे, रेणुकाबाईंची आहे, माझीही आहे. या वेळी अक्कांनी सगळ्यांत आधी केली.

या सोहळ्याला यायलाही त्या तयार नव्हत्या. शाल नको, हार नको, म्हणाल्या. मग अट घातली, की भाषणं आटोपती घ्यायची आणि उरलेल्या वेळात वहीतली सगळी नावं मोठ्यानं वाचायची. तसंच होईल. नावं मी वाचणार आहे.

अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांना दीर्घायुष्य चिंतण्याची पद्धत आहे. मी चिंतणार नाही, मी हट्टानं मागणार आहे. अक्का, साखर तपासत जा. बसमध्ये उभ्यानं जाऊ नका. वेळेवर जेवा. गणपतराव सापडेपर्यंत तुम्हाला कुठेही जायची परवानगी नाही. आणि ते सापडले, की वहीचं पान उलटा. पुढच्या पानावरही कुणाचं तरी नाव आहे.