वस्तादांनी निवडलेला कॅम

वस्तादांना ऐकू कमी यायचं. तरी निम्म्या गंगाखेडच्या गाड्या त्यांच्याच गॅरेजात. चालू इंजिनच्या झाकणावर ते तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं झोपेतून उठल्यासारखे म्हणायचे, "दोन नंबर सिलिंडर नाराज हाय." उघडून पाहिलं की दोन नंबरच नाराज निघायचा.

मी तिथल्या शाळेत शिक्षक. एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती आणि मोबाईलवर शर्यती बघून बघून डोकं फिरलं होतं. मला शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट हवा होता. इंजिनचे व्हॉल्व्ह किती उघडायचे, किती वेळ उघडे ठेवायचे हे ठरवणारा तो दांडा. दुकानाच्या यादीतला सगळ्यात तेज मी निवडला आणि वस्तादांसमोर फोन धरला.

त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाडी कुठं फिरती तुमची?"

"राणीसावरगावला. आई असते तिकडे."

"चला मग."

भर दुपारी गॅरेज तसंच उघडं टाकून ते शेजारी बसले. बाजारातून ट्रॅक्टरमागं रांगत निघालो, पुढं वळणं, चढ. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, उन्हात नुसता पांढरा धूसरपणा. त्यांचा हात सारा वेळ डॅशबोर्डवर. परत आल्यावर म्हणाले, "सर, तुमची गाडी दिवसभर दुसऱ्या-तिसऱ्या गेरात हाय. ह्यो कॅम लय उशिरा जागा होतो, इंजिन जोरात फिरल्यावर. तवर तुमी काय करायलाव? हलका घ्या. हळू असतानाबी खालून ओढंल."

मी ऐकलं नाही. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "हौस हाय तर बघून घ्या," म्हणाले आणि मन लावून तोच कॅम बसवला.

मोकळ्या रस्त्यावर गाडी तरंगायची, हे खरं. हळू चालवली की मात्र हिवताप भरल्यागत थरथरायची. आठच दिवसांत आईच्या छातीत दुखायला लागलं. तिला गंगाखेडच्या दवाखान्यात घेऊन निघालो. चढावर एका ट्रकमागं वेग कमी झाला आणि गाडी बंद पडली. चालू केली; पुन्हा बंद. "दम धर, बाळा," आई म्हणाली. छाती तिची दुखत होती आणि धीर ती मला देत होती. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर मागून येणाऱ्या जीपमध्ये तिला बसवलं. दवाखान्यात वेळेत पोचलो, म्हणून निभावलं.

आई घरी आल्यावर वस्तादांकडे गेलो. चार शब्द ऐकायची तयारी ठेवूनच गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसले. "कसूर माझा हाय," म्हणाले. "तुमी मागितलं, मी बसवलं. मला समजत होतं. न्हाई म्हणायला पायजे होतं." त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना न्हाई म्हणायला लागले. काही जण तुटले.

माझ्या गाडीला त्यांनी स्वतः निवडून हलका कॅम बसवला. नंतर आईला तिच्या बहिणीकडं घेऊन निघालो, तर तोच चढ गाडीनं असा घेतला की रस्ताच आपण होऊन खाली सरकतोय असं वाटावं. आई काचेला डोकं टेकून कापसाकडं बघत होती.

काही वर्षांनी वस्तादांची नजरही अधू झाली, तेव्हा लेकीनं त्यांना हैदराबादला बोलावून घेतलं. परभणी स्टेशनपर्यंत सोडायला मीच गेलो. सकाळचं कोवळं ऊन होतं. गोदावरीचा पूल ओलांडला आणि वस्तादांची मान कलली.

"झोपले?" मागच्या सीटवरून त्यांच्या बायकोनं, चाचींनी, वाकून पाहिलं. "अगं बाई! कुणाच्या गाडीत डोळा लागत न्हाई ह्यांचा. चाळीस सालात पहिल्यांदा बघायलेय."

शक्य तितकी हळू चालवली, तरी स्टेशन आलंच. रेल्वे सुटायला अजून वीस मिनिटं होती. झाडाच्या सावलीत थांबलो, पण इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर अंगाखालची धडधड थांबून ते जागे झाले असते.