दुधाचीच आहे, पडेल

चामटोलीच्या शाळेत कुंदाबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पोराला ताप येवो नाहीतर बांधावरून भांडण होवो, लोक आधी बाईंना विचारत. बाई बदलापूरहून स्कूटरवर येत, पहिली-दुसरीची पोरं सांभाळत आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर ठाम मत देत. माहीत नसलं तरी देत! पण जीव इतका लावत, की हा दोष कुणाच्या ध्यानातच येत नसे. हसताना तेवढा त्या पदर तोंडाशी नेत. लोकांना वाटे, बाई लाजऱ्या आहेत.

दातांबद्दलचं त्यांचं ज्ञान मात्र चटकन संपायचं. सकाळी घासा, आणि पोरांचे किडले तर घाबरू नका, दुधाचेच आहेत, पडतील. शिवाय याच बाईंच्या पर्समध्ये संत्र्याच्या गोळ्यांची पुडी असे. पाढा बरोबर आला की गोळी. शेतकरी नाथाची लेक शलाका पाढ्यांत इतकी पटाईत, की निम्मी पुडी तिच्याच तोंडात जायची.

त्याच शलाकाची मागची दाढ ठणकू लागली. नाथाने शाळेच्या फाटकाशी बाईंना गाठून विचारलं. "दुधाचीच आहे, पडेल. लवंग धरायला सांग," बाई म्हणाल्या. नाथा निर्धास्त होऊन भेंडीच्या मळ्यात गेला.

काही दिवसांनी शाळेत दातांचं शिबिर झालं. तेजस्वी नावाच्या तरुण डॉक्टरने शलाकाच्या तोंडात बॅटरी मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, ही कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षी मागच्या बाजूला गुपचूप येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून सगळ्यांना दुधाचीच वाटते. आत्ता भरली तर वाचेल. नाहीतर काढावी लागेल, आणि मग पुन्हा येणार नाही. हिला इतकं गोड देतं तरी कोण?"

"बाई देतात!" शलाका अभिमानाने म्हणाली.

कुंदाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. शाळा सुटताच त्या तडक नाथाच्या ओटीवर जाऊन बसल्या. "नाथा, उद्या शलाकाला दवाखान्यात ने."

"कशाला?" भेंडी निवडता निवडता नाथा हसला. "तुमीच सांगितलं ना, दुधाची हाय, पडंल."

"अरे, डॉक्टर सांगतात, कायमची आहे."

"ती डाक्टरीन कालची पोर! तुमी गावाची पोरं शिकवून मोठी केलीत. आमी तुमचंच आयकनार."

बाईंनी नाना परीने समजावलं. पण नाथाचा विश्वास हलेना, आणि तो विश्वास होता बाईंवरच! पलीकडे शलाका गाल धरून बसली होती. तिच्याकडे बघून बाईंना भडभडून आलं. त्यांनी पाठ वळवली नाही की पदर घेतला नाही. तोंडात बोटं घातली, कवळी काढली आणि तळहातावर ठेवून नाथापुढे धरली. क्षणात त्यांचे गाल बसले, बाई म्हाताऱ्या दिसू लागल्या.

"माझ्याही दाढेला घरी म्हणाले होते, पडेल. पडली, पण दुसरी आली नाही. मग शेजारचे दातही गेले. मी चुकले रे, नाथा. मला माहीत नव्हतं, तरी सांगून मोकळी झाले."

नाथाच्या हातातली भेंडी तशीच राहिली. शलाका पुढे सरकली. "बाई, खूप दुखलं होतं?"

"खूप, बाळा."

दुसऱ्या दिवशी बाजार बुडवून नाथा लेकीला घेऊन बदलापूरला गेला. दाढ वाचली.

शाळेत आल्या आल्या शलाकाने साताचा पाढा घडाघडा म्हटला. बाईंनी सवयीने पर्स उघडली. आत आता भाजलेले शेंगदाणे होते.

"मला खाऊ नको, बाई," शलाका म्हणाली. "तुमचे दात दाखवा ना परत!"

अख्खा वर्ग माना उंचावून बघू लागला. म्हणजे गावभर झालं होतं तर! बाईंचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्या तोंड उघडून हसल्या, फाटकाबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.