दोष कुणाच्या नावावर टाकायचा?

"दवाखान्यात मांजर शिरलंय, त्याला आधी बाहेर काढा!" मी कंपाउंडरवर खेकसले.

"बाई, मांजर नाही. बाळ रडतंय."

बाहेर बाकावर मोशी गावाहून आलेलं एक कुटुंब होतं. आकुर्डीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार पार्ट तपासायला असलेला दत्तू, त्याची बायको हौसा, तिच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. नवराबायकोच्या मध्ये दत्तूची आई, यमुनाबाई, ठाण मांडून बसलेली. एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. कामगारांच्या घरच्यांसाठी कारखान्यानं दवाखाना काढला होता, तिथली मी डॉक्टर.

"हिनं पोटुशी असताना मांजरीला लाटणं फेकून मारलं," यमुनाबाईंनी निकालच दिला. "पोर मांजरीवाणी रडती, त्याचंच फळ हाय हे. हिला माहेरी धाडायची नि दत्तूचं दुसरं बघायचं. तुमी फकस्त पोरीला औषिद द्या."

हौसा बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आधी बाळ तपासलं. डोकं लहान, चेहरा वाटोळा, डोळ्यांत अंतर जास्त, अंग लुळं. दूध ओढायची ताकदच नव्हती. अशा मुलाबद्दल मी फक्त मेडिकल जर्नलमध्ये वाचलं होतं. तिघांचं रक्त मुंबईला पाठवायचं ठरवलं. रिपोर्ट येईपर्यंत हौसाला कुठंही धाडायचं नाही, असा दमही भरला.

आपल्या पेशीपेशीत गुणसूत्रं असतात. शरीर कसं घडवायचं, हे त्यांत ठरलेलं असतं. त्यांच्या तेवीस जोड्या. प्रयोगशाळेत त्यांचे फोटो काढतात, कापतात आणि जोड्या लावून बघतात. कित्येक आठवड्यांनी रिपोर्ट आला. बाळाच्या पाचव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचा तुकडा गायब होता. आईबापांची गुणसूत्रं धडधाकट.

दत्तूला त्याच्याच भाषेत सांगितलं, "ड्रॉइंगचा कोपरा फाटला, तर पार्ट कसा होईल?"

"ते कळलं, मॅडम. पण आमच्याकडं पार्ट रिजेक्ट केला की कारण लिहावं लागतं. दोष कुणाच्या नावावर टाकायचा? माझ्या का हिच्या?"

"कुणाच्याच नाही."

"असं साहेब चालू देत न्हाईत."

"इथं साहेब मी आहे!"

तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. कारण पुढचंही मी सांगितलं होतं. यावर औषध नाही. पोरगी चालेल उशिरा, बोलेल की नाही सांगता येत नाही.

यमुनाबाईंपुढं मात्र माझी मात्रा चालेना. घशाची रचना वेगळी, म्हणून आवाज मांजरीसारखा, हे मी चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र उलटं धरून पाहिलं. "असंल. पर लाटणं मारलं त्ये मारलंच की."

मी हात टेकले. विषयच बदलला. "आजी, पोरीला दूध ओढता येत नाही. थेंबथेंब पाजावं लागतं, नाहीतर ती जगायची नाही. इतके आठवडे पाजून हौसा पार थकलीय. तुम्हाला जमेल?"

म्हातारी उसळली. "जमंल म्हंजी? दत्तूला बोंडल्यानं दूध पाजून मीच जगवलाय!"

दुसऱ्याच दिवसापासून पोर त्यांच्या मांडीवर. तिचं वजन करायला त्या स्वतः मोशीहून यायच्या. काटा जरा हलला की माझ्याकडं अशा बघायच्या, जणू डिग्री त्यांचीच. ते बघून मला हसू यायचं आणि त्या फार आवडायच्या. हौसाला माहेरी धाडायचं बोलणं हळूहळू बंद झालं. कामच एवढं होतं, की सून गेली असती तर म्हातारीचीच पंचाईत.

पोर अडीच वर्षांची झाली तरी नुसती बसायची. एकदा दवाखान्याच्या रांगेतली एक बाई हौसाकडं बघत पुटपुटली, "कुणाचं पाप म्हणायचं हे!"

हौसानं पदर ओढला. यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या.

"कुणाचं न्हाई. डाक्टरीणबाईंनी रगात तपासलंय. सून माझी सोन्यावाणी हाय. तू तुजं बघ."

गुणसूत्र म्हणजे काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण तेव्हापासून मी अशा मुलांच्या घरच्यांना आधी मुलाचं काही काम देते, रिपोर्ट मागाहून समजावते.