सोमा पेंटरचं रॉकेट

सुरतेच्या उधना यार्डात सोमा पेंटरच्या हातचं अक्षर ओळखायला सही लागत नसे. मालगाडीच्या डब्यांवरचे आकडे आणि अक्षरं कोणीतरी बसून लिहीत असेल, हे गाडी बघणाऱ्याच्या मनातही येत नाही. सोमानं ती एकतीस वर्षं लिहिली. बाकीचे पेंटर कापलेल्या पत्र्याची जाळी धरून वरून ब्रश फिरवायचे. सोमा जाळी बाजूला ठेवून मोकळ्या हातानं लिहायचा आणि वर साहेबालाच विचारायचा, "कुठं वाकडं दिसत असेल तर दाखवा." साहेबाला ते कधी दाखवता आलं नाही.

दुरुस्त होऊन निघणाऱ्या प्रत्येक डब्याच्या कोपऱ्यात तीन ओळी लिहायच्या असत. काम कुठं झालं ही पहिली, कधी झालं ही दुसरी, आणि दुरुस्तीला परत कधी यायचं ही तिसरी. मग डबा आसामात जाऊ दे नाहीतर कोचीनला, ती तारीख आली की कोणीतरी त्याला ओढून आणायचंच. तिसरी ओळ लिहिल्याशिवाय डबा यार्डाबाहेर सोडायचा नाही, असा नियम होता. सोमाची मुलगी जागृती आकडे शिकली ती पाटीवर नाही, या डब्यांवर. फ्रॉक घातलेली पोर रुळांच्या कडेला उभी राहून मोठ्यानं वाचायची, "हा मार्चमध्ये येणार! हा उशिरा आलाय, बाबा, याला रागवा!"

शहाण्णव साल संपता संपता सोमा रिटायर झाला. यार्डातल्या मंडळींनी हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घड्याळात बघून करायचं असं काही उरलं नाही. डिंडोलीत त्याचं दोन खोल्यांचं घर. बायको चंद्रभागा जाऊन वर्ष उलटलेलं. जागृती सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलेली, फिजिक्सची डॉक्टरकी करायला. ती चौऱ्याण्णव साली निघाली तेव्हा सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले होते. आता गल्ली आपापल्या कामाला लागली होती आणि सोमाला घर खायला उठत होतं.

एकट्या पडलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो, नशीब एकेकाचं. सोमाचं निम्मं एकटेपण मात्र त्याच्या स्वतःच्या हातचं होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

पंचाण्णवच्या नोव्हेंबरात चंद्रभागा तीन दिवसांच्या तापात गेली. जागृतीच्या हॉस्टेलचा नंबर सोमाच्या खिशात होता. तो उधन्याच्या एसटीडी बूथपर्यंत गेलाही. पण तीन आठवड्यांवर तिची मोठी परीक्षा होती; नापास झालं तर गाशा गुंडाळून परत यावं लागतं, असं तिनंच लिहिलं होतं. फोनवर पोर कोसळली तर तिला धरणारं तिथं कोण? सोमा बूथच्या बाकावर अर्धा तास बसला आणि घरी आला. परीक्षेची तारीख उलटल्यावर त्यानं पत्र टाकलं. पत्राला वाटेत पंधरा दिवस लागले. आई गेल्याचं जागृतीला कळलं तेव्हा इकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमसुद्धा होऊन गेला होता.

तिचा फोन शेजारच्या किराणा दुकानात आला. "बाबा, माझी आई होती ती," एवढंच म्हणाली. रडली नाही, ओरडली असती तरी बरं झालं असतं. सोमानं विचारलं, "परीक्षा कशी गेली?" असल्या वेळी असला प्रश्न विचारणारा बाप शोधूनही सापडायचा नाही. तिकडून फोन ठेवला गेला.

त्यानंतर तिची पत्रं चार ओळींची झाली. मी बरी आहे. थंडी फार आहे. काम चालू आहे. तब्येत सांभाळा. आधीच्या पत्रांत हमखास एक वाक्य असायचं, 'मी येईन तेव्हा'नं सुरू होणारं. मी येईन तेव्हा कळण्याची भाकरी खाणार, मी येईन तेव्हा आईला दुमसचा समुद्र दाखवायला नेणार. ते वाक्य बंद झालं. सोमा प्रत्येक पत्र उलटं करून मागची बाजूही बघायचा. तू परत येणार आहेस की नाही, एवढं एकच त्याला विचारायचं होतं. पण कोणत्या तोंडानं विचारणार?

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर पर्वत पाटियाहून ओळखीच्या हंसाबेनचा निरोप आला. हंसाबेनचा भाऊ जागृतीच्या गावात मोटेल चालवायचा. तो सुट्टीला आला होता आणि त्याच्याबरोबर पोरीनं एक खोकं पाठवलं होतं. सोमानं ते मांडीवर धरून रिक्षातून घरी आणलं. खोक्यावर आभाळात निघालेल्या रॉकेटचं रंगीत चित्र. आत पुठ्ठ्याची लांब नळी, हलक्या लाकडाचं टोक, पंखांचे चार तुकडे, पातळ प्लास्टिकची छत्री, दोरे, आणि कशाला काय जोडायचं त्याची चित्रं. चारातला एक पंख नळीला आधीच चिकटवलेला होता, आणि तो वाकडा होता.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बाबा, इथली मुलं खऱ्या रॉकेटची ही लहान नक्कल घरी बनवतात. मी एक आणलं, पण पंख सरळ बसेना. तुमचा हात सरळ आहे. आतली दारू विमानातून पाठवू देत नाहीत. ती भरली की हे वर जातं. वर गेल्यावर छत्री उघडते आणि हे परत खाली येतं. जमलं तर बनवा.' सोमानं ओळी मोजल्या. नेहमीपेक्षा तीन जास्त होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाराजवळ पाट मांडला आणि वर्षभर बांधून ठेवलेली ब्रशांची गुंडाळी सोडली. आधी तो वाकडा पंख काढावा म्हणून त्यानं पातं लावलं. एकतीस वर्षांत वाकडं काही यार्डाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. पण चिकटवलेल्या जागी वाळलेल्या डिंकात अंगठ्याचा ठसा उमटला होता. लहानसा, रेघ न् रेघ स्पष्ट. सोमानं पातं खाली ठेवलं.

शेजारच्या उषाबाई समोरच्या ओट्यावर साड्यांचे सुटे धागे कापत बसायच्या. त्या धुळ्याकडच्या, बोलणं घरचं, अहिराणी. दुपारी चहाचा कप घेऊन आल्या आणि खाली वाकून बघू लागल्या.

"भाऊ, हाई काय शे?"

"रॉकेट. जागृतीनं धाडलं."

"मंग हाऊ पंख वाकडा शे ना!"

"असू द्या," सोमा म्हणाला. "तो तिनं लावलाय."

उषाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, कप पाटाशेजारी ठेवला आणि परत ओट्यावर जाऊन बसल्या. बायकांना काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, हे एक बरं असतं.

उरलेले तीन पंख त्यानं गुण्यात धरून ओळंब्यात बसवले. पुठ्ठ्याच्या नळीवर पिळासारखी खाच फिरत गेलेली होती, लाकडाला रेषा होत्या. खडूची पूड आणि फेविकॉल कालवून त्यानं खाचा बुजवायची लांबी केली, खाचांतून बोटानं भरली, वाळू दिली, झिजलेल्या पॉलिश पेपरनं घासली. पुन्हा भरली, पुन्हा घासली. आठ दिवसांनी नळीवरून नख फिरवलं तर कुठं अडेना. त्या आठ दिवसांत त्यानं घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

मग रंग. चित्रात रॉकेट पांढरं होतं, मधे काळे चौकोन. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. रेल्वेत आधी रेड ऑक्साईड, मग जगातलं बाकी सगळं. सोमानं सवयीनं तेच लाल अस्तर चांगलं जाडसर दिलं आणि नंतर कपाळाला हात लावला, कारण ते झाकायला पांढऱ्या रंगाचे पाच हात लागले. रॉकेट गुळगुळीत झालं, देखणं झालं, आणि हातात घेतल्यावर वरवंट्याएवढं जड लागू लागलं.

चित्रातली अक्षरं एका वेगळ्या कागदावर छापून आली होती. तो कागद पाण्यात भिजवायचा असतो हे सोमाला कुठून कळणार? त्यानं टिकली सोलावी तसं पहिलं अक्षर नखानं सोललं, आणि ते चिंध्या होऊन आलं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला तो हसला. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. अक्षरं काढायची आणि सोमा पेंटरनं छापील कागद चिकटवायचा? त्यानं दोन केसांचा ब्रश उचलला, श्वास रोखला आणि त्या परक्या देशाचं नाव बोटभर जागेत उभं लिहून काढलं. चष्मा पुसून पाहिलं. कुठं वाकडं नव्हतं.

काम झालं होतं, पण हात थांबला नाही. रॉकेटच्या बुडाशी, त्या वाकड्या पंखाच्या शेजारी, तो आपोआप उतरला. त्यानं पहिली ओळ लिहिली, उधना. दुसरी लिहिली, १२-९७. तिसऱ्या ओळीला ब्रश टेकवणार, तोच सोमा भानावर आला.

परत कधी?

यार्डात ती तारीख साहेबाच्या चिठ्ठीवर लिहून यायची. इथं चिठ्ठी कोण देणार? मनात येईल तो महिना टाकायला काय, कोणी अडवलं नव्हतं. त्यानं मे म्हणून पाहिलं, दिवाळी म्हणून पाहिलं. ब्रशावरचा रंग वाळला. ज्या पोरीला आईच्या मातीची तारीख आपण सांगितली नाही, तिच्या येण्याची तारीख आपण कोण ठरवणार, असं त्याला वाटलं. तिसऱ्या ओळीची जागा त्यानं कोरी सोडली. एवढ्या नोकरीत सोमा पेंटरनं अपुरा सोडलेला तो पहिला डबा.

जानेवारीत हंसाबेनचा भाऊ परत निघाला. सोमानं रॉकेट जुन्या मऊ साडीत गुंडाळलं, चंद्रभागाच्या, आणि पर्वत पाटियाला नेऊन दिलं. हंसाबेन म्हणाल्या, "कागळ नथी, सोमाभाई? दीकरीला काय तरी लिहा ना. बोले एना बोर वेचाय!" बोलेल त्याचीच बोरं विकली जातात, हे सुरतेत राहून सोमाला काय कळत नव्हतं? त्यांनी वही आणि पेन पुढं ठेवलं. सोमानं लिहिलं, 'जागृती, तुझ्या आईच्या वेळी मी चुकलो.' पुढं बरंच लिहायचं होतं, पण त्या ओळीपुढं पेन सरकेना. तेवढी एकच ओळ फाडून त्यानं साडीच्या घडीत सारली.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पोस्टमन गल्लीत शिरला की सोमा दारात उभा राहायचा आणि पोस्टमनच आधी मान हलवायचा. पाट भिंतीला टेकवलेला होता, ब्रश पुन्हा गुंडाळीत गेले होते. घर पहिल्यापेक्षा मोठं वाटायचं. आपण ती ओळ लिहायलाच नको होती, असं कधी वाटायचं. कधी वाटायचं, त्या दिवशी बूथमधून फोन लावला असता तर आज ही ओळ लिहावीच लागली नसती. बोलायला कोणी नसलं की माणूस असा स्वतःशीच भांडत बसतो, आणि त्या भांडणात कोणी जिंकत नाही.

एप्रिलच्या अखेरीस पाकीट आलं. आत कागद नव्हता, फोटो होता. खिडकीच्या कट्ट्यावर रॉकेट उभं, खाली चंद्रभागाची साडी घडी करून अंथरलेली, काचेबाहेर बर्फ. सोमा फोटो घेऊन उजेडात आला. बुडाशी तीन ओळी दिसत होत्या. तीन. त्यानं चष्मा काढून फोटो डोळ्यांपाशी नेला. तिसरी ओळ पोरीच्या हातची होती. रंग ओघळलेला, नऊ एका बाजूला कललेले. ५-९९.

मागच्या बाजूला लिहिलं होतं, 'बाबा, तुम्ही याला इतका रंग दिलाय की हे आता जन्मात उडायचं नाही. म्हणून छत्रीची वाट बघू नका. मीच येते. मी येईन तेव्हा आपण आईबद्दल बोलू.'

उषाबाईंनी ओट्यावरून हाक मारली, "काय हो भाऊ, काय लिखेल शे? पोर कवय येई?"

"मे नव्व्याण्णव," सोमा म्हणाला.

"बाप रे! अजून वरीस शे."

"डबा चार-चार वर्षं फिरतो उषाबाई," सोमा म्हणाला, आणि तिथंच दाराच्या चौकटीला धरून रडला.

मग तोंडही न धुता तो आत गेला. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली चंद्रभागाचा फोटो होता. सोमानं हातातला फोटो तिच्यासमोर धरला. "चंद्रभागा, जागृती येतेय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी, मे महिन्यात." पाकीट हातात पडून पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती. या वेळी त्यानं कळवायला उशीर केला नाही.