कोळशाच्या पट्ट्यातली तूर

आमचं रान शिरूर कासारच्या अंगाला, मुरमाड. पाऊस पडला तरी ओल टिकत नसे. गावात केबलचा टीव्ही नुकताच आला होता, तरी दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचंच. मी आणि माझी बायकोही जायचो.

रानात कोळसा घालायचं तिच्या डोक्यात माहेरून आलं होतं. वडवणीकडे तिच्या वडिलांच्या रानात पूर्वी कोळशाची भट्टी होती. भट्टी मोडून तिथं मटकी पेरली, तर तेवढाच तुकडा पावसाचा ताण पडूनही हिरवा राहिला.

"आपल्याबी रानात घालून बगू," ती म्हणाली. "पीक आलं तर ऊसतोड तरी सुटंल."

उन्हाळ्यात आम्ही खड्ड्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून पेटवायचो आणि राख व्हायच्या आत ओल्या मातीनं बुजवायचो. तिचे हात कोपरापर्यंत काळे होत. कोळसा कुटून बांधालगतच्या पट्ट्यात मिसळला आणि मूग पेरले. ते पिवळेच पडले, बाकीच्या रानापेक्षा वाईट. ती पट्ट्यात उकिडवी बसून राहिली.

"कोळसा उपाशी व्हता," शेवटी म्हणाली. "आदी शेणकाल्यात मुरवायला पायजे व्हता. आता त्यानं मुगाचंच खाल्लं."

मग रोज सकाळी गोठ्यातलं शेणमूत कालवून ती त्या पट्ट्यात ओतू लागली, थेट आम्ही ऊसतोडीला निघेपर्यंत.

कारखान्याच्या वाटेवर उतारावर आमची बैलगाडी कलंडली. ती उसाच्या मोळ्यांवर बसली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. तिला गावी आणणं जमलं नाही. फडाच्या कडेला अग्नी दिला आणि मी एकटा परतलो.

मृगात सगळ्या रानात तूर पेरली. पेरायची म्हणून पेरली. भाद्रपदापासून पावसानं ओढ दिली. बाकीच्या तुरीचा फुलोरा गळाला. पट्ट्यातली मात्र छातीला लागली, शेंगांनी वाकली.

सासरे बघायला आले.

"ह्योच का तिचा पट्टा?"

"व्हय."

त्यांनी एक शेंग सोलली. दाणे तळहातावर घेतले आणि उपरण्यात बांधले. "तिच्या आईला दावतो," म्हणाले.

पुढं गावातले लोक विचारायला येऊ लागले. मी सांगायचो, कोळसा आधी शेणकाल्यात मुरवा. कुणी विचारलं, तुला कुणी शिकवलं, की मी त्याला बांधालगतचा तिचा पट्टा दाखवायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी ऊसतोडीला गेलो नाही. पौषात पट्ट्यातली तूर घरात आली. पण ती भरडायला तिचं जातं मी कितीतरी दिवस मांडलंच नाही.