पुरस्कार घ्यायला वासुदेवभाऊ

कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक कंपन्यांच्या टोप्या, दुसरे किस्से. टोप्या निदान वाटून संपतात. किश्श्यांचं तसं नाही. एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून चार बाहेर येतात.

माझं दुकान धामणगाव बढ्याला. बीटी कपाशीचं बियाणं नवीन आलं, धडाक्यात खपलं, आणि एका कंपनीनं खूश होऊन मला टीव्ही दिला. त्यावर दिवसभर त्यांची जाहिरात चालावी अशी त्यांची अपेक्षा होती. मी विनोदी मालिका लावायचो.

मी टीव्हीचा जुना रोगी. पण हिरो-हिरॉईनमध्ये माझा जीव कधी रमला नाही. विनोदी मालिकेत खरं काम करतात ते नोकर, शेजारी आणि फुकट जेवायला येणारे मामा. हिरोला फक्त पगार जास्त असतो.

संध्याकाळी आमची बैठक जमायची. समोर फवारणीचे पंप दुरुस्त करणारे युसूफभाई. चहा द्यायला पाच मिनिटं म्हणून येणारी आणि मालिका संपेपर्यंत उभी राहणारी माझी बायको सुमन. आणि गावालगतच्या कोरडवाहू शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पेरणारे वासुदेवभाऊ. यांचा चेहरा असा, की लग्नाच्या पंगतीतही लोक हळूच विचारत, 'कोन गेलं?'

*

एकदा टीव्हीवर बक्षीस समारंभ चालू होता. 'सहाय्यक विनोदी अभिनेता' म्हणून हिरोच्या भावाचं नाव पुकारलं. हा भाऊ सगळ्या मालिकेत नुसता रडायचा! युसूफभाई उठून उभेच राहिले. म्हणाले, ह्याच्यापेक्षा आमचा गळका पंप जास्त हसवतो.

त्याच दिवशी ठरलं, आपले पुरस्कार आपण द्यायचे. नियम युसूफभाईंनी केला. जो हसू दुसऱ्याला देऊन स्वतः मागं सरतो, तोच सहाय्यक. पहिली निवड माझी होती. एका बँकेच्या मालिकेतला चौकीदार. त्याला काम एवढंच, दार उघडायचं आणि आत येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे एकदा पाहायचं. त्या पाहण्यात कर्ज नामंजूर झालेलं कळायचं.

बक्षीस म्हणजे कंपनीची टोपी आणि कंपनीचाच टॉवेल. पण घेणार कोण? नट बसला मुंबईत. टीव्हीवर असं झालं की नटाच्या वतीनं दुसरा कोणी बक्षीस घेतो. वासुदेवभाऊ सावकाश उठले, टोपी डोक्यावर ठेवली, आणि त्याच सुतकी चेहऱ्यानं म्हणाले, "त्यायच्या वतीनं मी घेतो. ते ड्युटीवर हायत."

तेव्हापासून दरवर्षी पुरस्कार घ्यायचं काम त्यांच्याकडेच लागलं.

*

पुढच्या वेळी सुमननं उमेदवार उभा केला तो भिंतीवरचा फोटो! एका एकत्र कुटुंबाच्या मालिकेत वारलेल्या आजोबांचा फोटो होता. घरात कोणी खोटं बोललं की त्याचा हार घसरायचा. युसूफभाई म्हणाले, भाभी, फोटो ॲक्टर नसते. सुमन म्हणाली, तुमच्या हिरोपेक्षा जास्त हावभाव करते.

ती एकदा बोलली की आमच्याकडे मतदान होत नाही. फोटो जिंकला.

वासुदेवभाऊंनी फोटोच्या वतीनं भाषण केलं नाही. ते भिंतीला टेकून ताठ उभे राहिले आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. आम्ही टाळ्या वाजवायच्या आत उंदराचं औषध घ्यायला एक म्हातारी दुकानात शिरली. तिनं वासुदेवभाऊंकडे पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

*

लोडशेडिंग हा त्या काळातला सर्वात मोठा खलनायक. एका खानावळीच्या मालिकेत आचाऱ्यानं मालकाच्या सासऱ्याला काहीतरी वाढलं, सासऱ्यानं पहिला घास घेतला आणि लाईन गेली.

दुकानात मालिकेला जमलेले लोक उठेनात. काय वाढलं असेल? वासुदेवभाऊंनी अंधारातच पुढचा भाग करून दाखवला. आचारी तेच, सासरा तेच. सासरा घास गिळतो, आचारी कबूल करतो की भाजीत मीठ समजून धुण्याचा सोडा पडला, सासरा म्हणतो की हरकत नाही, पोट स्वच्छ होईल. लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी गावभर तोच भाग सांगितला जात होता.

पुनःप्रक्षेपण पाहिलं तर आचारी नुसता म्हणतो, 'आणखी वाढू का?' आणि आत जातो. आम्हाला फसवल्यासारखं झालं. पण लोकांनी आचाऱ्यालाच निवडून दिलं. म्हणाले, त्यानं काय केलं हे आम्हाला माहीत आहे, टीव्हीवाल्यांनी कापलं असेल.

*

मग गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीला अळी लागत नाही असं आम्हीच सांगून बियाणं विकलेलं. आता लोक दुकानात येऊन काउंटरवर बोंड फोडून दाखवायचे. आत अळी. ती सुद्धा अंगानं चांगली भरलेली.

अशात कंपनीचे साहेब कॅमेरा घेऊन आले. पुढच्या हंगामासाठी जाहिरातीची फिल्म करायची होती. तिच्यात दोन शेतकरी. एक शहाणा, कंपनीचं बियाणं पेरणारा. त्यासाठी पुण्याहून नट आणलेला, धोतराला इस्त्री केलेला. त्याच्यासाठी दुसऱ्या तालुक्यातलं विहिरीचं, ठिबकचं हिरवंगार शेत शोधून ठेवलेलं. दुसरा शेतकरी मूर्ख, भलतंच बियाणं पेरून बुडालेला, रडणारा. तो नट इथलाच हवा होता. मी म्हटलं, आमच्याकडे एक आहेत, बरेच पुरस्कार घेतलेले.

साहेबांना वासुदेवभाऊंचा चेहरा पाहताक्षणी पटला. मग रस्त्यालगतचं बुडालेलं शेत हवं होतं. तेही वासुदेवभाऊंकडे होतं.

वासुदेवभाऊंनी आधीच सांगितलं, "पन साहेब, हे तुमचंच बियानं हाय. ह्याच दुकानातून नेलेलं."

साहेब म्हणाले, "काका, कॅमेऱ्यात बियाणं दिसत नाही. कपाशी दिसते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडलो दुकानदार. मी चहा सांगितला.

डायलॉग छोटा होता. 'मी दुसरं बियाणं पेरलं, माझं चुकलं!' मग गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसायचे, आणि शहाणा शेतकरी येऊन खांद्यावर हात ठेवणार. मी आणि युसूफभाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे राहून पाहत होतो. ॲक्शन म्हटल्यावर वासुदेवभाऊंनी एक बोंड तोडलं, फोडलं, आत पाहिलं. डायलॉग म्हटला. आणि मातीत बसून असे रडले की नाक-डोळे एक झाले. पुण्याचा नट आपलं वाक्य विसरून गेला. एका टेकमध्ये काम फत्ते. साहेबांनी खूश होऊन त्यांना टोपी दिली.

युसूफभाई म्हणाले, "ॲक्टर का बाप हाय बे हा!"

*

त्यानंतर गावातल्या लोकांनी बियाण्याबद्दल तालुक्याला तक्रारी केल्या. वासुदेवभाऊंनीही केली. बिल आणि रिकामी थैली त्यांनी जपून ठेवली होती. समिती शेत पाहून गेली आणि सुनावणी उन्हाळ्यावर गेली. भरपाई मिळाली तर पेरायचं, नाही तर शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला देऊन टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बापजाद्यांनी कधी बटईनं दिलं नव्हतं, हेही ते एकदा बोलले.

इकडे फिल्म सुरू झाली. कंपनीची गाडी बाजाराच्या दिवशी पडदा लावायची. शहाणा शेतकरी बोलू लागला की लोक मिरच्यांचा भाव करायला लागत. वासुदेवभाऊ रडू लागले की मागचे लोक पुढे येत. आणि हसत. पोरं 'माझं चुकलं' म्हणत मातीत लोळत. शेगावला दर्शनाच्या रांगेत सोनाळ्याच्या एका माणसानं त्यांना ओळखलं. म्हणाला, ते रडनारे तुमीच काय? हे म्हणाले, हाव. तो माणूस इतका हसला की त्याच्या मागचे चार जण पुढे निघून गेले.

त्या वर्षी पुरस्काराला दुसरं नावच आलं नाही. युसूफभाईंच्या नियमातही बसत होतं, हसू सगळं लोकांना दिलेलं. पहिल्यांदाच खुद्द विजेता दुकानात हजर होता. सुमननं टॉवेल दिला. आम्ही म्हटलं, भाषण! दरवर्षी दुसऱ्याच्या वतीनं बोलता, आज स्वतःचं करा.

वासुदेवभाऊंनी टॉवेल मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सिरियल पाहू द्या."

मला ते खटकलं. पण सिरियल सुरू झाली होती.

*

सुनावणी मोताळ्याला, तालुक्याच्या ऑफिसात झाली. समितीत तीन अधिकारी, समोर कंपनीचे तेच साहेब, लॅपटॉप घेऊन. मला दुकानदार म्हणून बोलावलेलं. मी सांगितलं, थैली माझ्याच दुकानातली, बिल माझंच.

साहेब म्हणाले, विकत नेली हे मान्य. पेरली कशावरून? आणि त्यांनी फिल्म लावली.

ऑफिसातले दोन-तीन जण काम सोडून दारात आले. शहाण्या शेतकऱ्याचं हिरवं शेत गेलं, वासुदेवभाऊ आले. 'मी दुसरं बियाणं पेरलं, माझं चुकलं!' दारातले हसले. समितीतल्या एकानं तोंडासमोर कागद धरला.

मोठे अधिकारी म्हणाले, "वासुदेवराव, हे तर तुम्हीच म्हणताय."

वासुदेवभाऊ म्हणाले की ते शिकवलेलं होतं. तेव्हा साहेब उठले. समितीला म्हणाले की डायलॉग शिकवता येतो, रडणं शिकवता येत नाही. हा साधा शेतकरी आहे, नट नाही. पुन्हा पाहा, हा माणूस खोटं रडतोय असं वाटतं का?

पुन्हा लावली. या वेळी मोठे अधिकारी खुर्ची पुढे ओढून पाहत होते. संपल्यावर म्हणाले, "साहेबांचं बरोबर आहे. हे रडणं मलाही खरं वाटतं. आता तुम्हीच सांगा, हे खरं होतं का नाटक?"

मी मनात म्हटलं, नाटक म्हणा. एक शब्द म्हणा आणि मोकळे व्हा.

वासुदेवभाऊ उभे राहिले. पडद्यावर त्यांचा चेहरा तसाच थांबलेला होता.

"डायलॉग साहेबाचा होता," ते म्हणाले. "रडनं माहं होतं. पऱ्हाटी माहीच होती ना, साहेब."