फ्रान्सचं द्राक्षासव, दोन चमचे जेवणानंतर

आता माझ्या फजितीचं कुठून सुरू करू? असं करा, आधी चहा घ्या. हसताना सांडला तर मला बोलायचं नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, कंधारला राहते. तिची एकुलती एक लेक रोहिणी फ्रान्सला नोकरी करते. तिकडं तिला एक पोरगा आवडला. नाव एमिल. आईचा होकार घ्यायला ती त्याला घेऊनच आली.

पोरगा परदेशी, हे आक्कानं कसंबसं गिळलं होतं. पण एका अटीवरून ती तसूभर हलायला तयार नव्हती. पिणाऱ्याच्या घरात लेक द्यायची नाही! आमच्या थोरल्या काकांनी बाटलीपायी काकूचे काय हाल केले, ते तिनं लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले.

आणि एमिलच्या घरचा पिढीजात धंदा कोणता? तांबडी वाइन करणं! बोला आता!

रोहिणीनं आईला एवढंच सांगितलं होतं, "द्राक्षाच्या बागा हायेत त्यांच्या." बाकीचं ती आईला जवळ बसवून, दमादमानं सांगणार होती.

दोघांना आणायला मी गाडी घेऊन नांदेडला गेलो. एमिलच्या मांडीवर एक बाटली. बाळंतिणीनं तान्हं धरावं तशी दोन्ही हातांनी धरलेली. खड्डा आला की हा बाटली अलगद वर उचलायचा. स्वतःचं डोकं टपाला आपटलं तरी चालेल.

"मामा, हळू," तो म्हणाला. मराठी रोहिणीनं शिकवलेली. "खाली गाळ आहे. हलला तर चव कडू."

मग त्यानं मला सगळी रीत सांगितली. पिकलेले घड हातानं तोडायचे. रस साली-बियांसकट आंबवायचा, कारण रंग सालीतून येतो आणि तोंड आवळणारा तुरटपणाही. मग ओकच्या लाकडाच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष. मग बाटली आडवी टाकून, अंधारात, गारव्याला, वर्षानुवर्षं.

"अरे, आमच्या उमरी गावाकडं घरोघरी असंच चालतं," मी म्हणालो. उमरीत द्राक्षाचा एक वेल नाही, पण अशा वेळी गप्प कसं बसायचं?

"मामा!" मागून रोहिणी.

"ही बाटली बाबांनी मी जन्मलो तेव्हा ठेवली," एमिल म्हणाला. "माझं लग्न ठरेल, त्या दिवशी उघडायची."

दारात आक्का भाकरतुकडा घेऊन उभी. पोरांवरून ओवाळून टाकला आणि तिची नजर बाटलीवर गेली.

"हे काय गं?"

रोहिणीनं तोंड उघडलं. पण माझी जीभ तिच्या आधी सुटली ना! "द्राक्षासव! त्याच्या बापानं घरी केलंय, आक्का. लई शक्तीचं."

आता यात खोटं काय होतं सांगा? द्राक्षं होती, आंबवलेली होती. रोहिणीनं माझ्याकडं असं बघितलं की बाटलीतली वाइन माझ्या अंगात असती तर उकळली असती. मी डोळा मारला. संध्याकाळपर्यंत निभेल, मग बघू.

जेवणं झाली. रोहिणी प्रवासानं शिणून झोपली. मी एमिलला किल्ला दाखवायला नेलं आणि तिथं त्याला जो इतिहास सांगितला, तो किल्ल्यालासुद्धा ठाऊक नसेल. परत आलो, तर आक्काच्या ओसरीवर ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात वाटी, नाहीतर पेला.

मध्ये पाटावर आक्का. बूच तिनं पळीच्या दांड्यानं आत ढकललेलं. आणि प्रत्येक डोसाआधी बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबून ती खालीवर, खालीवर… औषध हलवून घ्यायचं असतं ना!

"दोन चमचे, तेवढंच कोमट पाणी. गयाबाई, उद्या बी ये गं!"

एमिल आधीच गोरा. माणूस याहून पांढरा होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"आधी जांभळावानी लागतंय," गयाबाई टाळूला जीभ लावून म्हणाली, "मंग सुपारीवानी तोंड आवळतंय."

"आन तंबाखूच्या रिकाम्या चंचीचा वास," खोकला दाबत शेजारचे तात्या म्हणाले. "गिळलं तरी जाऊन न्हाई राहिला गा!"

एमिल बाटलीकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "हो… अशीच असते."

माणसं पांगली. तळाला जेमतेम बोटभर उरली होती. आक्का खुशीत.

"तुज्या बापाचं औषध लई गुणाचं हाय रे. काय काय घालतो त्यात?"

मी तिच्या मागं उभा राहून एमिलला हातवारे केले. गप्प बस! काहीही सांग! एमिलनं माझ्याकडं बघितलं. दारात डोळे चोळत आलेल्या रोहिणीकडं बघितलं. मग आक्कासमोर उकिडवा बसला.

"आई, औषध नाही. वाइन आहे. दारू."

आक्काच्या हातातला चमचा हवेतच राहिला. रोहिणीनं चौकट घट्ट धरली. संपलं, मी म्हटलं. पोरीचं लग्न मी दोन चमच्यांत बुडवलं.

"तुझा बाप पितो?" आक्कानं विचारलं.

"जेवताना एक ग्लास. मी पण. बाबांनी आईवर हात कधी उचलला नाही. मी उचलला, तर तुम्ही रोहिणीला घेऊन जा." मग त्यानं बाटलीची सगळी गोष्ट सांगितली, जन्मापासून.

ऐकता ऐकता आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंजी तुझ्या बापानं इतकी वर्सं लेकरासाठी राखून ठेवलं, आन मी तात्याच्या खोकल्याला वाटून टाकलं?"

"लग्न ठरेल त्या दिवशी उघडायची होती, आई," एमिल म्हणाला. "आज ठरलं, तर काहीच चुकलं नाही."

आक्कानं पदरानं डोळे पुसले. "रोहिणे, गुळाचा खडा आण." तो त्याच्या तोंडात घातला आणि त्याच्या सोनेरी केसांवरून हात फिरवला. "सकाळधरनं या घरात एकच माणूस खरं बोललं."

मी पण डोळे पुसत होतो. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली.

"आशोक्या, आता तू. ज्याला ज्याला पाजलं, त्याच्या दारात जाऊन काय ते खरं सांगून ये. तवर तुला चहा न्हाई."

गेलो. तात्यांना म्हणालो, "तात्या, ती फ्रान्सची दारू होती. अठ्ठावीस वर्षं जुनी. पोराच्या लग्नासाठी राखलेली."

तात्या इतके हसले, इतके हसले, की बरा होत आलेला खोकला परत उसळला. "आशोकराव, तुमच्या लई ऐकल्या गा, पण ही बेस्टच! आक्काच्या घरात दारू?" त्यांनी मला चहा पाजला आणि तेच सगळं परत एकदा सांगायला लावलं.

दुसऱ्या घरी टाळ्या पडल्या. तिसऱ्या घरी मी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिथं तर सुनांना हाका मारून बाहेर बोलावलं, "या गं, आशोकमामा नवीन सांगून राहिलेत!"

गयाबाई तेवढी हसली नाही. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि नातवाकरवी आक्काला निरोप धाडला:

"तळाचं राहिलेलं कुणाला देऊ नका. भावालाच पाजा. त्याला लई गरज हाय."